फुकटच्या मदत-गटांत काही प्रश्नांना कुत्रं का विचारत नाही?

वाचनालयवाला
गावच्या वाचनालयाच्या स्मरणिकेची जुनी फाइल सापडली. १४० पानं, सगळी युनिकोडच्या (आता सगळीकडे चालते ती अक्षरं साठवायची पद्धत) आधीच्या फॉन्टमध्ये. युनिकोड करून देणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढली तर मधूनमधून शब्द मोडके. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांच्या एका मदत-गटात विचारलं. ११ दिवस झाले, २१२ जणांनी वाचलं, प्रतिसाद शून्य. त्याच आठवड्यात तिथे 'कुठलं लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली) भारी' यावर शंभरावर प्रतिसाद! माझं मत झालंय की या मंडळींना मदत करायची नसते, शहाणपण मिरवायचं असतं. येत नसेल तर 'माहीत नाही' म्हणा की. तेवढ्यानेही माणूस दुसरं दार ठोठावायला मोकळा होतो.

बिनपगारी
साफ असहमत. अशाच एका गटात नऊ वर्षं उत्तरं देतोय. २१२ जणांनी 'माहीत नाही' लिहिलं तर चालेल का तुम्हाला?
आतली गोष्ट सांगतो. रात्री जेवणं-आवरणं झाली की मला अर्धा तास मिळतो. समोर दहा-बारा नवे प्रश्न. चार ओळींत भागेल त्याला आधी उत्तर देतो. ज्याच्यात आधी मलाच पाच गोष्टी विचाराव्या लागतील, तो उद्यावर. उद्या तो नव्यांच्या खाली गेलेला असतो. मागे काय राहिलं हे बघणं कुणाचंच काम नाही, कारण कुणालाच कुणी नेमलेलं नाही. तुम्ही नेमकं काय लिहिलं होतंत, ते इथे टाका बघू.

वाचनालयवाला
घ्या, जसंच्या तसं : 'मराठी फॉन्ट बिघडला आहे. अर्जंट. कृपया मदत करा.' सोबत स्क्रीनचा फोटो.

निळा_कावळा
'अर्जंट' वाचलं की मी पुढचा प्रश्न उघडतो. 😄

खडूफळा
हसू नका, धागाकर्त्याची बाजू मला पटते, फक्त कारण वेगळं आहे. १९६८ साली डार्ली आणि लाताने या दोघांनी न्यूयॉर्कमध्ये विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. प्रत्येक जण वेगळ्या खोलीत, बोलणं इंटरकॉमवरून. मध्येच एकाला फिट आल्याचा आवाज (तो आधीच टेप केलेला). ऐकणारे आपण एकटेच आहोत असं वाटत होतं, तेव्हा तो आवाज थांबायच्या आत ८५ टक्के मुलं मदतीला उठली. आणखी चार जण ऐकताहेत असं वाटलं तेव्हा फक्त ३१ टक्के. कुणीच कुणाला पाहत नव्हतं, म्हणजे अगदी आपल्यासारखंच. तेव्हा २१२ हा आकडा बघून मदत जवळ आली असं समजू नका. त्यातल्या प्रत्येकाने उरलेल्या २११ जणांवर सोडलंय.

बिनपगारी
खडूफळा, प्रयोग झकास, पण इथे लागू नाही. उठून कुणाला तरी हाक मारणं कुणालाही जमतं. देवनागरीचा जुना फॉन्ट समजणारे २१२ मध्ये दोन निघाले तर डोक्यावरून पाणी.
आणि 'उत्तर द्यायलाच हवं' या आग्रहाचं काय होतं तेही बघा. एक्सझेड हे फाइली आवळणारं छोटं सॉफ्टवेअर, जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असतं. सांभाळणारा एक माणूस. २०२२ मध्ये लोक त्याच्या मागे लागले, काम पुढे का सरकत नाही म्हणून. त्याने आपला मानसिक त्रास सांगितला, हे बिनपगारी छंदाचं काम आहे हेही सांगितलं. तरी टोचणी चालूच. शेवटी मदतीला आलेल्या एका अनोळख्याच्या हाती त्याने किल्ल्या दिल्या, आणि मार्च २०२४ मध्ये कळलं की त्या पाहुण्याने आत चोरदरवाजा बसवलाय.

वाचनालयवाला
अहो, मी कुणाच्या उरावर बसलो नव्हतो. एकदा विचारलं, ११ दिवस गप्प बसलो. माझा 'वार्षिक' तिकडे 'वाषिर्क' होऊन पडलाय आणि तुम्ही मला चोरदरवाजे दाखवताय! आर्थिकचं आथिर्क, मार्मिकचं मामिर्क. गंमत म्हणजे वर्ग, अर्ज हे ठीक येतात.

मुक्काम_सोलापूर
सोपं आहे दादा. सगळं सिलेक्ट करा, मंगल फॉन्ट लावा. झालं.

रफार
सोलापूरकर, नाही हो! फॉन्ट बदलून काही होणार नाही.
जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकायची आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलटं. तुमचा कन्व्हर्टर आधी वेलांटी ष च्या नंतर नेतो. मग रफार हलवायला जातो तर त्याच्या आधी अक्षर नसतं, वेलांटी असते. म्हणून तो जागचा हलत नाही आणि पुढच्या क च्या डोक्यावर जाऊन बसतो. दोन्ही एकाच अक्षरावर आले तरच हे होतं, म्हणून 'वर्ग' वाचला. रफार आधी हलवणारा कन्व्हर्टर घ्या आणि मूळ फाइलवर नव्याने चालवा. आत्ताच्या फाइलमध्ये शोधा-बदला करू नका, शिर्डीचं र्शिडी होईल.

वाचनालयवाला
🙏 चाललं! पण वेळ बघा. ११ दिवस कुणी नव्हतं, आणि सोलापूरकरांनी चुकीचं सांगितल्यावर सहा मिनिटांत हजर. म्हणजे उत्तर हवं असेल तर आधी कुणाकडून तरी चूक करवून घ्यायची?

मुक्काम_सोलापूर
माझाही काही उपयोग झाला म्हणायचा. 😀

रफार
चूक दिसली की हात शिवशिवतात, खोटं कशाला बोलू. आणि तुमचा तो प्रश्न मी तिथे वाचला होता. फोनवर फोटोतली अक्षरं दिसेनात. घरी जाऊन बघू म्हटलं, राहिलं ते राहिलं.

खडूफळा
बिनपगारी, दोनांतला एक सापडला. तोही २११ जणांवर सोडून गेला होता. 🙂

बिनपगारी
विसरला होता हो, सोडून गेला नव्हता. वाचनालयवाले, आता ते उत्तर त्या गटातही चिकटवा, पुढच्याला सापडेल.

वाचनालयवाला
गेलो होतो चिकटवायला. 'प्रतिसाद नसल्याने प्रश्न बंद करण्यात आला आहे' असं लिहून आलंय.