१४ ते १६ वयाच्या मुलांशी नशेबद्दल बोलायचंय, सुरुवात कुठून करू?

प्रश्नकर्ता
तीसेक मुलंमुली आणि ४० मिनिटं. सडलेल्या फुप्फुसांचे फोटो जमवलेत, दाखवावेत का? आणि "गांजा तर नैसर्गिक आहे" या हुकमी वाक्याला काय उत्तर द्यायचं?

समुपदेशक
फोटो वगळा. ओढणारा एखादा ओळखीचा धडधाकट हिंडताना मुलांनी पाहिलेला असतो. फोटो खोटा वाटला की पुढचं खरंही खोटं वाटतं. "मी व्यसनातून कसा सुटलो" सांगणारा पाहुणाही नको. सुटता येतं, एवढंच काही मुलं त्यातून उचलतात.

पहिली १० मिनिटं निनावी चिठ्ठ्यांना द्या. प्रश्न नसेल त्यानेही कोरी चिठ्ठी टाकायची, म्हणजे लिहिणारा वेगळा दिसत नाही. शेवटी नकाराचा सराव हवाच. नकार छोटा असावा: "नको, मी निघतोय." लांबलचक कारण दिलं की समोरचा त्यावरच वाद घालतो.

फार्मासिस्ट
नैसर्गिक तर धोतराही आहे, एवढं पुरे. मग आकडा द्या: गांजा घेऊन पाहणाऱ्यांपैकी साधारण ९ टक्क्यांना व्यसन लागतं, सुरुवात किशोरवयात झाली तर सहांतल्या एकाला. मेंदूचा आवर घालणारा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडतच असतो. घरात कुणाला स्किझोफ्रेनिया (भास-भ्रम होणारा गंभीर मानसिक आजार) असेल तर गांज्यामुळे तसा आजार जडण्याचा धोकाही वाढतो. "एका झुरक्यात संपलात" असं मात्र म्हणू नका, वरचा आकडाच ते खोडून काढतो.

या वयात थिनर, व्हाइटनर, गोंद सहज हाती लागतात आणि नेमकं त्यावर कुणी बोलत नाही. त्यांच्या वाफेने हृदय अॅड्रेनालिनला (घाबरल्यावर किंवा धावताना शरीरात सुटणारं संप्रेरक) अतिसंवेदनशील होतं. त्या क्षणी दचकणं किंवा पळणं झालं तर ठोके बिघडून मृत्यू येऊ शकतो, पहिल्या खेपेलाही. म्हणून हुंगताना सापडलेल्या मुलावर ओरडायचं नाही, त्याच्या मागे धावायचं नाही. हे मुलांआधी शिक्षकांना सांगा.

इमर्जन्सी नर्स
पाच मिनिटं "मित्र बेशुद्ध पडला तर" यासाठी राखा. "झोपू दे, उतरेल" हे सगळ्यात घातक. दारूबरोबर झोपेच्या किंवा अफूवर्गीय गोळ्या घेतल्या की श्वास मंदावतो. घोरल्यासारखी घरघर, निळसर ओठ, हलवूनही जाग नाही, यातलं काहीही दिसलं की रुग्णवाहिका बोलवायची. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. उताणं ठेवलं तर उलटी श्वासनलिकेत जाते. ओकायला लावू नका, काही पाजू नका. काय घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगा, रिकामं पाकीट सोबत न्या.

नॅलोक्सोनने (अफूवर्गीय गोळ्यांचा असर उतरवणारं औषध) शुद्ध आली तरी घरी न्यायचं नाही. त्याचा असर ३० ते ९० मिनिटांत ओसरतो, गोळ्यांचा त्यानंतरही टिकू शकतो.

प्रश्नकर्ता
हे फार कामाचं. तास संपल्यावर कुणी "मी घेतो" असं सांगायला आलं तर?

समुपदेशक
"कुणालाच सांगणार नाही" असं वचन देऊ नका. "जिवाला धोका दिसला तर मदत मागवेन, पण आधी तुला सांगेन" हे बोलणं सुरू होण्यापूर्वीच स्पष्ट करा. मग विचारा: सोडावंसं किती वाटतं, ० ते १०? तो ३ म्हणाला तर "इतकं कमी का?" नव्हे, "३ का, शून्य का नाही?" असं विचारा. पहिल्या प्रश्नावर तो नशेची बाजू मांडत बसेल, दुसऱ्यावर सोडण्याची कारणं स्वतःच सांगेल.