डोक्यात जाणारी पालुपदं

टीव्हीवरचा बातमीदार गुडघाभर पाण्यात उभा असतो आणि सांगत असतो, ‘पाऊस जो आहे तो या ठिकाणी मोठ्या प्रमाणात पडताना आपल्याला पाहायला मिळतोय.’ म्हणजे पाऊस पडतोय. ‘जो आहे तो’, ‘या ठिकाणी’ आणि ‘पाहायला मिळतोय’ एवढं गाळलं तर बिचारा निम्म्या वेळात आडोशाला जाईल. हे लोण आता आमच्या सोसायटीच्या सभेपर्यंत पोचलंय. ‘टाकी जी आहे ती धुण्याचं काम जे आहे ते रविवारी होईल,’ इति सेक्रेटरी. पुढाऱ्यांच्या ‘खऱ्या अर्थाने’ आणि ‘माध्यमातून’बद्दल तर बोलायलाच नको. आमच्या वॉर्डात कचरासुद्धा ‘स्वच्छतेच्या माध्यमातून’ उचलतात.

तर होऊन जाऊ द्या. ऐकल्याबरोबर तिडीक जाते असा तुमचा शब्द, वाक्य, लकब कोणती? कोण म्हणतं, कुठे म्हणतं, आणि तुम्ही त्यावर काय करता? पथ्यं दोनच : कुणाच्या बोलीची टिंगल नको, आणि ‘आनी-पानी’चा वाद इथे आणू नका.

ठाणेकरीण
ब्लाउज शिवणाऱ्या ताईंचं ‘तयारच आहे, फक्त हातशिलाई राहिलीय.’ दुकानात जाऊन बघावं तर कापड मी दिलेल्या पिशवीत, मी घातलेल्या घडीसकट. मग ‘शनिवारी नक्की’. कुठला शनिवार ते सांगत नाहीत.

हिंजवडीचा हमाल
‘छोटासाच चेंज आहे.’ तो कायम शुक्रवारी संध्याकाळीच सुचतो. त्याची भावंडं : ‘क्विक कॉल घेऊया’, ‘मला लूपमध्ये ठेव’, ‘आधी अलाइन होऊया’. जास्त लिहीत नाही, कॉल आहे.

माजी बातमीदार
आमचीही बाजू ऐका. लाइव्ह चालू असताना कानात स्टुडिओतून आवाज येत असतो, ‘ताणून धर, पाहुणे अजून बसले नाहीत.’ समोर कॅमेरा, हातात नवीन माहिती शून्य. गप्प राहिलं की घरचा माणूस चॅनेल बदलणार. ‘मंत्री जे आहेत ते’ म्हणेपर्यंत पुढचं क्रियापद सुचतं, एवढाच त्याचा उपयोग. लिहून आणलेल्या बातमीतही ते का घुसतं, याचं उत्तर मात्र माझ्याकडे नाही. आणि घर वाहून गेलेल्या बाईपुढे माइक धरून ‘काय सांगाल, काय भावना आहेत?’ हे विचारणं तर मला शेवटपर्यंत जमलं नाही. काय सांगणार ती?

कोथरूडची सून
‘मग? विशेष काही?’ हळदीकुंकवाला गेलं की वाण हातात पडायच्या आत हा प्रश्न येतो, आणि विचारताना नजर सरळ पोटावर. सुरुवातीला मी लाजल्यासारखं करायचे. नंतर उत्तरं शोधायला लागले. ‘हो काकू, नवीन फ्रिज घेतला, डबल डोअर.’ आता मुलगी झालीय, तर ‘हिला भाऊ कधी आणताय?’ चालू झालंय. फ्रिजचं उत्तर अजून चालतं.

सांगोल्याचा, सध्या पुण्यात
जून २०२२. आमचे आमदार शहाजीबापू पाटील गुवाहाटीहून फोनवर म्हणाले, ‘काय झाडी, काय डोंगर, काय हाटील,’ आणि महाराष्ट्राला खेळणं मिळालं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही पोट धरून हसलो. बापूंचा तो ठेका अस्सल आमच्याकडचा, त्याबद्दल तक्रार नाही. पण पुढे वरातीच्या बॅनरवर तेच, खानावळीच्या पाटीवर ‘काय मटण, काय भाकरी’, ऑफिसातल्या वाढदिवसाला ‘काय केक’. कुणी गाव विचारलं आणि मी सांगोला म्हटलं, की समोरचा ‘एकदम ओक्के’ म्हणून टाळी मागतो. अरे, याच तालुक्यानं गणपतराव देशमुखांना अकरा वेळा विधानसभेत पाठवलं! आमची डाळिंबं परदेशात जातात! त्यावर टाळी द्या की.

न्यू जर्सीहून
विमानतळावरून घरी पोचून चप्पल काढायच्या आत : ‘कधी आलात?’ आणि श्वासही न घेता ‘परत कधी?’ मधल्या काळाशी कुणाला देणंघेणं नाही. जोडीला ‘तिकडे काय बाबा, मजा आहे तुमची’. यंदा बर्फ उपसून कंबर धरली होती, ती मजा.

नाव नको
जरा वेगळं लिहिते, चालेल ना? बाबा गेले तेव्हा आलेल्या माणसांपैकी बहुतेकांनी आधी वय विचारलं. ‘ब्याऐंशी’ म्हटलं की चेहरे सैल व्हायचे. ‘हं. मग सोनं झालं म्हणायचं.’ ‘हाल नाही झाले, सुटले.’ ब्याऐंशीव्या वर्षी माणूस गेला तर मुलीनं रडायचं नसतं, असा हिशेब असावा. कुटुंबाच्या ग्रुपवर कुणीतरी ‘भावपुर्ण श्रध्दांजली’ टाकलं. खाली तीच ओळ, त्याच चुकांसकट, पन्नासेक जणांनी डकवली. मधेच एका आतेभावानं भलत्याच भाच्याला केकचं चित्र पाठवलं, आणि त्याखाली पुन्हा श्रद्धांजली.

लोकांना अशा वेळी काय बोलावं ते सुचत नाही, हे कळतं मला. पण मग बोलू नये. शेजारच्या काकूंनी पिठलंभात आणून ओट्यावर ठेवला आणि एवढंच विचारलं, ‘सकाळच्या चहाला दूध आहे का गं?’ त्या आठवड्यात कानाला बरं वाटलेलं वाक्य ते.

सूत्रसंचालनग्रस्त
वरचं वाचून गप्पच झालो. माझं दुखणं हलकं आहे, तरी लिहितो. ‘ज्यांना परिचयाची गरज नाही असे आपले प्रमुख पाहुणे…’ आणि मग खिशातून तीन पानी परिचय. पाहुणे उठतात, ‘मी आपला फार वेळ घेणार नाही’, म्हणजे आता पंखा कुठे आहे ते बघून खुर्ची सरकवावी. बक्षीस घ्यायला आलेली पोरं तोवर पेंगतात. शेवटी ‘वेळेअभावी’ कापतात काय, तर मुलांची गाणी!

बॅकबेंचर, साताऱ्याकडचा
आमच्या भूगोलाच्या सरांचं ‘काय? लक्षात आलं?’ वहीच्या मागच्या पानावर चार उभ्या रेघा आणि एक आडवी, अशी नोंद ठेवायचो. पैज वडापावची. मान्सूनच्या धड्याला विक्रम झाला. गंमत म्हणजे रेघा मारायच्या म्हणून कान टवकारून बसावं लागायचं, त्यामुळे मान्सून अजून पाठ आहे. पैजा बहुतेक हरलो.

फोडणी
पाककृतीचे व्हिडिओ! ‘कांदा आपण छान असा ॲड करून घेतलेला आहे, आणि छान असा परतून घेऊन घ्यायचाय.’ ‘घेऊन घ्यायचाय’?! शेवटी ‘तर मंडळी, सुंदर अशी आपली भेंडी तयार आहे.’ आमच्या आजीची रेसिपी एका दमात संपायची : ‘तेल सुटलं की दाण्याचं कूट घाल, पाणी दाखवू नकोस.’ आणि हो, पथ्य मोडून एक : मालिकेतल्या सुनांनो, ‘मी तुमची मदत करते’ नका म्हणू. ‘तुम्हाला मदत करते’ म्हणा आणि करा.

धागाकर्ता
फोडणीताई, पथ्य बोलीचं होतं, हिंदीचं नाही. सूट दिली आहे.

दुकानदार, कोल्हापूर
जरा उलट बोलतो. ‘बघू’ला सगळे शिव्या घालतात. पण ‘बघू’ नसतं तर आमचा धंदा बसला असता. उधारी मागणाऱ्याला तोंडावर नाही म्हटलं तर गिऱ्हाईक तुटतंय, हो म्हटलं तर माल जातोय. ‘बघू की भावा’ म्हटलं की त्यालाही कळतंय, मलाही कळतंय, आणि दोघं चहा पिऊन मोकळे. आमच्याकडं पावण्यानं निघताना ‘जातो’ म्हणलं तर म्हातारी माणसं अजून दटावतात, ‘येतो म्हण.’ परत येणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असतंय. म्हणून काय ‘येतो’ बंद करायचं व्हय? मला डोक्यात जातंय ते एकच : ‘शेवटचं किती?’ वस्तू हातात घ्यायच्या आधीच शेवटचं!

डोंबिवली लोकल
आमच्या मित्राचं ‘निघालोय, पोचतोच.’ फोनमागे बादलीत पाणी पडल्याचा आवाज. मी म्हटलं, ‘कुठे आहेस?’ तर म्हणतो, ‘ट्रेनमध्ये.’ बारा डब्यांच्या गाडीला न्हाणीघर कधी जोडलं रेल्वेनं?