इमटेक्ससाठी बेंगळुरूत परवडणारी खोली कुठे बघावी?

शिरोली_टर्निंग
जानेवारीत इमटेक्सला (मशीन टूल्सचं प्रदर्शन) कोल्हापूरहून तिघं जाणार आहोत, तीन रात्री. बीआयईसीच्या (ते भरतं ते प्रदर्शन केंद्र) आसपासचे दर बघून घाम फुटला. तिघांत मिळून रात्रीला तीन हजार बजेट आहे. लांब राहिलो तर तुमकुर रोडच्या ट्रॅफिकमध्येच दिवस जाईल का?

गिअरहॉब
प्रदर्शनाजवळच्या खोलीचा नाद सोडा. स्टॉलवाले मशीन उतरवायला आधीच येऊन बसतात, कंपन्या त्यांच्यासाठी एकगठ्ठा खोल्या उचलतात, आणि उरलेल्यांना हॉटेलवाला म्हणेल तो भाव.

नोव्हेंबर 2024 पासून मेट्रोची ग्रीन लाइन मादावरापर्यंत गेली आहे, म्हणजे बीआयईसीपर्यंतच. तेव्हा किलोमीटर मोजू नका, स्टेशनं मोजा. यशवंतपूरपासून मादावरा नववं स्टेशन, मॅजेस्टिकपासून सोळावं. गाडी बदलायची नाही. यशवंतपूर, राजाजीनगर, संपिगे रोड (मल्लेश्वरम) किंवा मॅजेस्टिक स्टेशनपासून चालत दहा मिनिटांच्या आतलं बघा. सगळ्यांत स्वस्त लॉज मॅजेस्टिकजवळ गांधीनगरात. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने येणार असाल तर यशवंतपूरलाच उतरा.

नकाशावाला
सर्चमध्ये नुसतं 'बेंगळुरू' टाकू नका. व्हाइटफील्ड आणि देवनहळ्ळीची स्वस्त हॉटेलं वर येतात. ती शहराच्या भलत्याच टोकाला. मेट्रो स्टेशनचं नाव टाकूनच शोधा.
आणखी एक. ॲपवर तीन माणसं टाकली की बरेचदा दोन खोल्यांचा दर दिसतो. हॉटेलला फोन करून डबल रूम अधिक जादा गादी असा दर विचारा.

शिरोली_टर्निंग
पीण्या कसं? मेट्रोही आहे, बीआयईसीही जवळ.

गिअरहॉब
चांगलं, पण औद्योगिक वसाहत असल्यामुळे तिथल्या खोल्या याच गर्दीत आधी संपतात. रस्त्याकडची खोली मिळाली तर रात्रभर ट्रक ऐकत बसाल. मागची बाजू मागा.

पक्की_पावती
'हॉटेलवर पैसे भरा' या बुकिंगवर विसंबू नका. ऐन गर्दीत दर वाढले की 'खोली खराब आहे' म्हणून ते रद्द होतं. थोडा ॲडव्हान्स भरा, आणि तारखा, माणसं, दर हे सगळं मेल किंवा व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. आठवडाभर आधी पुन्हा फोन.

सकाळच्या गाडीने पोहोचणार असाल तर चेक-इन 24 तासांचं की दुपारी 12 चं, ते आधी विचारा. नाहीतर एक रात्र जादा लागते. तिघांचंही मूळ ओळखपत्र हवं, आणि पॅन कार्डवर पत्ता नसल्याने ते बरेच लॉजवाले घेत नाहीत.

आता काहीच मिळत नसेल तर फुकट रद्द करण्याची मुदत संपायच्या आदल्या दिवसांत पुन्हा बघा. लोकांनी दोन-दोन ठिकाणी अडवलेल्या खोल्या तेव्हा सुटतात.

हिशेबनीस
'जीएसटी बिल देतो' म्हणून महाग हॉटेल घेऊ नका. खोलीवर कर्नाटकातला सीजीएसटी-एसजीएसटी (केंद्राचा आणि राज्याचा जीएसटी) लागतो. महाराष्ट्रातल्या नोंदणीवर त्याचं क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही. रात्रीला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर 2025 पासून कर 5 टक्के आहे. दर विचारताना करासकट विचारा.