मदत हवी आहे: कोविडनंतरचा थकवा, माजी सैनिक वडील आणि व्यायामाचं प्रमाण

नमस्कार मंडळी. औसा तालुक्यातून लिहितोय. आमचे नाना मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत कोविड झाला, दवाखान्यात ऑक्सिजनवर होते. छातीचा सीटी, इको, हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर, सगळं तपासून झालंय, ठीक आहे. माणूस मात्र पूर्वीसारखा नाही.

बरं वाटलं की नाना पहाटे पळायला जातात, जोर मारतात, वरून सोयाबीनमध्ये खुरपायला बसतात. त्या दिवशी काहीच होत नाही. दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी आडवे. अंग ठणकतं, डोकं जड पडतं, बोलता बोलता शब्द सापडत नाही, रात्रभर झोपूनही थकवा तसाच. सावरले की पुन्हा पळायला हजर. "घाम गाळल्याबिगर अंग मोकळं होत नसतंय," हे एकच उत्तर.

एक डॉक्टर म्हणाले, रोज थोडा व्यायाम वाढवा. दुसरे म्हणाले, पूर्ण आराम. मी जमेल तेवढं वाचलं. दवाखान्यातून सुटूनही त्रास राहिलेल्या रुग्णांवर ब्रिटनमध्ये 'रीगेन' नावाची चाचणी झाली, २०२४ मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. आठ आठवडे ऑनलाइन, जाणकारांच्या देखरेखीखाली गटाने व्यायाम आणि जोडीला मानसिक आधार घेऊन लोकांचं जगणं काहीसं सुधारलं. त्याच वर्षी अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी दाखवलं की श्रमानंतर ज्यांचा त्रास उफाळतो, त्यांच्या स्नायूंतच बिघाड असतो आणि दमवणाऱ्या व्यायामानंतर तो वाढतो. गावात लोक "पेन्शन आली, आळस आला" म्हणतात तेव्हा जीव तुटतो, म्हणून हे वाचून फार आधार वाटला. पण नानांनी नेमकं किती करायचं, ते यातून कळत नाही.

लातूर किंवा अंबाजोगाईकडे हा आजार ओळखणारे फिजिओथेरपिस्ट कुणाला माहीत आहेत का? ईसीएचएसच्या (माजी सैनिकांची आरोग्य योजना) रेफरलवर कुणी फिजिओथेरपी घेतली आहे का? आणि नानांना थांबवायचं कसं?

चालतबोलत (नांदेड)
मी फिजिओथेरपिस्ट आहे. पळणं आणि जोर आजपासून बंद ठेवा. वहीत रोज लिहा: काय केलं, आणि पुढचे दोन दिवस कसे गेले. खुरपणं, पाहुण्यांशी तासभर बोलणं हेही श्रमच, तेही लिहा. ज्या मापाने त्रास उफाळत नाही, त्याच्याही थोडं खालून सुरुवात करायची. आधी पडल्या पडल्या घोटे हलवणं, कंबर उचलणं, मग बसून, मग घरातल्या घरात चालणं. बरं वाटतंय म्हणून त्या दिवशी माप वाढवायचं नाही, इथेच सगळे फसतात.

आणखी एक. थोडा वेळ झोपवून नाडी मोजा, मग दहा मिनिटं उभं करून मोजत राहा, जवळ कुणीतरी थांबा. ठोके तीस किंवा जास्त वाढून तसेच राहिले, तर डॉक्टरांना सांगा, मग उभ्याचा व्यायाम आत्ताच नको. छातीत दुखलं, चक्कर येऊन पडले, चालताना ऑक्सिजन उतरला, तर व्यायाम थांबवून लगेच दाखवा.

जुना_जवान
भाऊ, नानांना रामराम सांगा. त्यांना 'आराम करा' म्हणू नका, ऐकणार नाहीत. आजारातून उठलेल्या जवानाला एमआय रूममधून (युनिटचा दवाखाना) 'लाइट ड्यूटी' म्हणजे हलकं काम लिहून मिळायचं आणि ते मोडायची कुणाची टाप नव्हती. फिजिओकडून तसंच कागदावर लिहून घ्या, तारीख आणि सही सकट.

धागाकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. आज नाडी मोजली. झोपून ७४, उभं राहिल्यावर ११० च्या आसपास, आणि उतरलीच नाही. उद्या डॉक्टरांकडे नेतोय. ताई/दादा, तोवर पडल्या पडल्याचे व्यायाम चालू करू, की तेही थांबवू?