मुलं लहान असताना मृत्युपत्र: गरज की उगाच घाई?

चिकूची_आई
नवरा-बायको चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, मुलं शाळेत, डोक्यावर गृहकर्ज. अशांसमोर मृत्युपत्राचा विषय काढला की पहिलं उत्तर 'शुभ बोल गं!' आणि दुसरं 'आहे काय आपल्याकडे? जे आहे ते बायको-मुलांनाच जाणार.' पहिल्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. दुसरं अर्धवट खरं आहे, म्हणून हा धागा.

हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने त्याची मालमत्ता बायको, प्रत्येक मूल आणि त्याची आई यांच्यात सारखी वाटली जाते. समजा फ्लॅट त्याच्या एकट्याच्या नावावर आहे, मागे बायको, दोन मुलं आणि आई आहेत. बायकोच्या वाट्याला चौथा हिस्सा, सासूबाईंना चौथा आणि निम्मा फ्लॅट दोन अज्ञान (अठरा पूर्ण न झालेल्या) मुलांचा.

खरी मेख पुढे आहे. अज्ञान मुलाचा स्थावरातला हिस्सा विकायला किंवा गहाण टाकायला सख्ख्या आईलाही कोर्टाची परवानगी लागते. हप्ते झेपेनात म्हणून मोठं घर विकून लहान घ्यायचं म्हटलं तरी आधी अर्ज, मग तारखा. तशीच विक्री केली तर मूल सज्ञान झाल्यावर ती रद्द करून मागू शकतं. त्यामुळे शहाणं गिऱ्हाईक आणि त्याची बँक अशा घराच्या वाटेला जात नाहीत.

माझं मत: मुलं अज्ञान असेपर्यंत नवऱ्याने सगळं बायकोला, बायकोने सगळं नवऱ्याला, आणि दोघंही नसतील तर मुलांना असं लिहून टाकावं. दीड पानाचं काम आहे.

निवांतराव
साफ असहमत. तुम्ही जिला अडचण म्हणताय ते मुलांचं संरक्षण आहे. आईने घर विकायच्या आधी कोर्ट विचारतं, 'यात पोराचं भलं काय?' यात वाईट काय आहे?

सगळं बायकोच्या नावे केलं आणि तिने पुढे दुसरं लग्न केलं तर? करावंच, माझा विरोध नाही. पण नंतर ती मृत्युपत्र न करता गेली तर तिच्या मालमत्तेत दुसरा नवरा मुलांच्या बरोबरीने हिस्सेदार. पहिल्याने हप्ते फेडलेल्या घरात! कायदा बनवणारे वेडे नव्हते.

आडवळण
निवांतराव, पुनर्विवाहाची काळजी बायकोच्याच बाबतीत बरी वाटते! बायको आधी गेली आणि तिचं सगळं नवऱ्याकडे आलं, त्याने दुसरं लग्न केलं, तर नव्या बायकोला आणि तिला होणाऱ्या मुलांनाही हिस्सा आहेच की. आणि तसं तर आपल्यात जास्त सर्रास घडतं.

निवांतराव
मान्य. दोघांनाही तोच नियम लावा. मुलांचा वाटा आधी बाजूला काढा, मग उरलेलं एकमेकांना द्या.

कोपरखळी
एवढा काथ्याकूट कशाला? मी बँक, म्युच्युअल फंड, डिमॅट, सगळीकडे बायकोला नॉमिनी केलंय. विषय संपला.

सातबारा
नाही संपला. नॉमिनी म्हणजे ज्याच्या हातात पैसे ठेवले जातात तो. मालक ठरतो मृत्युपत्राने, ते नसेल तर वारसा कायद्याने. शेअरच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच पुन्हा स्पष्ट केलं. विम्याचं वेगळं आहे. तिथे २०१५ च्या दुरुस्तीनंतर जोडीदार, मुलं किंवा आईवडील नॉमिनी असतील तर लाभही त्यांचाच धरतात. बाकी ठिकाणी तुमच्या पत्नी पैसे काढतील, आणि तुमच्या आईने किंवा आईच्या वतीने कुणी हिस्सा मागितला तर त्यांना द्यावा लागेल.

कुणाला काय द्यायचं हे मृत्युपत्रात लिहून ठेवलं नसेल तर आजच लिहा, कोपरखळी नंतर मारा.

ओसरी
धागाकर्तीने एका वाक्यात सासूला घराबाहेर काढलं, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. कायद्याने आईला बायको-मुलांइतकाच हक्क दिलाय तो उगाच नाही. पेन्शन नाही, स्वतःचं घर मुलाच्या शिक्षणापायी विकलेलं, अशा किती आया मुलाच्या घरी राहतात? मुलगा गेल्यावर तिची किंमत त्या चौथ्या हिश्श्यामुळेच राहते. तोही दीड पानात पुसून टाकायचा?

चिकूची_आई
ओसरी, मुद्दा बरोबर आहे, पण मार्ग वेगळा असावा असं वाटतं. आईचा चौथा हिस्सा तिच्यापाशी थांबत नाही. ती गेली की तिच्या सगळ्या मुलांकडे जातो, म्हणजे दीर-नणंदाही त्या फ्लॅटमध्ये येतात. प्रत्येक विक्रीला सगळ्यांच्या सह्या. त्यापेक्षा मृत्युपत्रात आईला तहहयात राहण्याचा हक्क आणि एखादी मुदत ठेव लिहून द्यावी.

आणि वडिलांचं काय? आई, बायको किंवा मुलं असताना कायदा बापाला दमडी देत नाही. विधुर वडील मुलाकडे राहत असतील तर त्यांची सोय फक्त मृत्युपत्रानेच होते. म्हणजे म्हाताऱ्यांच्या बाजूनेही मृत्युपत्रच हवं.

ओसरी
वडिलांचं माहीत नव्हतं, ते पटलं. तहहयात हक्काचं नाही पटत. कागदावरचा हक्क घेऊन म्हातारीने सुनेशी भांडायचं कसं? हिस्सा असला की तिच्या सहीशिवाय काही होत नाही, म्हणून तिला विचारतात तरी.

मांडवीकर
आमच्याकडे गोव्यात हा वादच वेगळा. लग्नाआधी निराळा करार केला नसेल तर मालमत्ता नवरा-बायको दोघांची सामाईक. मूल असेल तर आपल्या वाट्यातला निम्मा भागच मृत्युपत्राने मनासारखा देता येतो, उरलेला मुलांसाठी राखीव. 'सगळं बायकोला' हा पर्याय कायद्यातच नाही.

निवांतराव
बघा! मी वेगळं काय म्हणतोय?

मांडवीकर
थांबा हो, पुढचं ऐका. भांडणं आमच्याकडेही भरपूर होतात. एका घराला वीस-वीस नावं लागलेली असतात आणि घराला कुलूप.

आडवळण
मुस्लिम कुटुंबांतही साधारण एक-तृतीयांशच मृत्युपत्राने देता येतं. तेव्हा इथलं वाचून कुणी आंधळेपणाने उतरवून काढू नका, आपल्याला कुठला कायदा लागू आहे ते आधी बघा.

मला वाटतं पैशापेक्षा मोठा प्रश्न अजून कुणी काढलाच नाही. दोघंही गेले तर मुलं कुणाकडे? हिंदू कायद्यात बापाने आपल्या भावाला पालक नेमलं तरी आई हयात असेपर्यंत त्या नेमणुकीला काही अर्थ नाही. पुढे आईने मृत्युपत्रात स्वतःच्या बहिणीला नेमलं असेल तर आईचंच चालतं. तिने कुणालाच नेमलं नसेल तर बापाची नेमणूक पुन्हा जिवंत होते. म्हणून आधी दोघांनी बसून एक नाव ठरवायला हवं. तिथेच गाडी अडते, कारण कुठलंही नाव घेतलं की एक माहेर किंवा एक सासर दुखावतं. आणि ज्याला नेमायचं त्याला विचारायला कुणी जात नाही!

कोपरखळी
मूल मावशीकडे आणि हिशोब काकाकडे ठेवावा. ज्याच्याकडे मूल त्याच्याच हातात पैसा असं नको.

आडवळण
कायद्याने तसं करता येतं. पण शाळेची फी, चष्मा, सहल, दर वेळी मावशीने काकांकडे हात पसरायचे? काका म्हणणार, 'सहल कशाला हवी?' वर्षाची एक रक्कम मावशीला बिनशर्त मिळेल असं तरी लिहा.

सातबारा
थोडं कामाचं. साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे, केलेली बरी. तुम्ही सही करताना दोन साक्षीदारांनी बघितलं पाहिजे, आणि तुमच्यासमोर त्यांनी सही केली पाहिजे. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. आपण हटकून वडीलधाऱ्यांना बोलावतो. त्याऐवजी वयाने लहान माणसं घ्या, कारण वेळ आलीच तर कोर्टात त्यांनाच उभं राहायचंय.

आणखी एक. लग्नाने आधीचं मृत्युपत्र रद्द होतं असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. हिंदूंच्या मृत्युपत्राला ते लागू नाही. नोकरीला लागल्यावर कुणी आईवडिलांच्या नावे केलं असेल तर लग्न होऊन दोन मुलं झाली तरी ते तसंच चालू राहतं.

निवांतरावांसाठी: मुलांचा वाटा राखायचाच असेल तर मृत्युपत्रातच विश्वस्त नेमा आणि घर विकण्याचा अधिकार त्याला स्पष्ट शब्दांत द्या. मग दर खेपेला परवानगीसाठी कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. बायकोला विश्वस्त करा, सोबत आणखी एक जण ठेवा.

निवांतराव
हे पटण्यासारखं आहे. पण तो आणखी एक जण कोण? भावाचं नाव काढलं तर ही हसेल आणि मेहुण्याचं काढलं तर मला झोप लागायची नाही.

चिकूची_आई
मग तुमच्याकडे अजून दीड पानाचं काम नाही, दोघांच्या एका संध्याकाळचं आहे. नाव ठरलं की इथे सांगू नका, त्या माणसाला सांगा.

ओसरी
आणि आईलाही.