दर पंधरवड्याला उपसूनही तळ्याचे पाणी पुन्हा हिरवे का होते?

प्रश्न : घोडबंदर रोड, ठाणे

नमस्कार. आमच्या तळमजल्यावरील घराच्या मागच्या बागेत ८ फूट लांब, ५ फूट रुंद आणि २ फूट खोल असे सिमेंटचे तळे आहे. त्यात ११ गोल्डफिश, कुमुदिनीची एक कुंडी आणि स्पंज बसवलेला एक लहान पंप आहे. पावसाळाभर पाणी ठीक होते; परंतु ऑक्टोबरचे ऊन सुरू झाल्यापासून ते इतके हिरवे होते की कुमुदिनीची कुंडीसुद्धा दिसत नाही. दर पंधरा दिवसांनी मी मासे बादलीत काढून तळे पूर्ण उपसतो, भिंती ब्रशने घासतो, स्पंज नळाखाली स्वच्छ धुतो आणि नळाचे ताजे पाणी भरतो. आठ-नऊ दिवस बरे जातात आणि मग पुन्हा तेच. गेल्या खेपेस भरल्यानंतर दोन मासे दगावलेही. मासे दिवसातून तीनदा खातात. कुमुदिनीला फुले यावीत म्हणून कुंडीत शेणखत घातले आहे. आता दुकानदार मोरचूद टाकण्यास सांगत आहे. टाकावे का?

उत्तर १ : नेरूळ

मोरचूद टाकू नये, याचे कारण पुढे कोणी अधिक नेमकेपणाने सांगेल. मी आधी आपल्या उपसण्याविषयी लिहितो, कारण माझ्या मते खरी अडचण तेथेच आहे. मी स्वतः दोन वर्षे हेच करत होतो.

हिरवे पाणी म्हणजे घाण पाणी नव्हे. पाण्यात तरंगणाऱ्या एकपेशीय शेवाळाची ती दाटी असते, आणि तिला ऊन व खत या दोनच गोष्टी लागतात. माशांची विष्ठा आणि न खाल्लेले खाद्य यांतून अमोनिया तयार होतो. स्पंजवर व भिंतींवर वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू नीट स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात, आणि आपण मात्र दर पंधरवड्याला भिंती घासून व क्लोरिनयुक्त पाण्यात स्पंज धुऊन त्यांचा नायनाट करत आहात. त्यामुळे अमोनिया साचतो, त्याचा त्रास माशांना होतो आणि फायदा शेवाळाला. शेवाळ तर चार थेंबांतूनही पुन्हा वाढते. दोन मासे दगावले ते बहुधा न मुरलेल्या नळाच्या पाण्यामुळे आणि या अमोनियामुळे.

यापुढे तळे पूर्ण उपसू नये. आपले तळे ८० घनफुटांचे, म्हणजे सुमारे २,२६५ लिटरचे आहे. आठवड्याला त्यातील २५० ते ३०० लिटर पाणी काढावे आणि तेवढेच पाणी, पिंपात एक-दोन दिवस उघडे ठेवून, भरावे. स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात पिळावा. काढलेले हिरवे पाणी कुंड्यांना घालावे. जास्वंदीला ते चांगले मानवते. पंप दिवसरात्र चालू ठेवावा आणि तो ताशी हजार-बाराशे लिटर तरी पाणी फिरवणारा असावा.

उत्तर २ : निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका, ठाणे पूर्व

मोरचुदाविषयी लिहिते. त्यातील तांबे शेवाळ मारते हे खरे. पण ते माशांना आणि गोगलगायींनाही मारते, आणि पाणी जितके मृदू तितका त्याचा विषारीपणा अधिक. त्याहून मोठा धोका नंतरचा आहे. इतके शेवाळ एकाच वेळी मेले की ते कुजताना पाण्यातील प्राणवायू शोषून घेते. आपल्याकडचे पाणी मुळात कोमट असते आणि कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. शेवाळ दाट असेल तर औषध न टाकताही रात्री प्राणवायू घटतो, कारण अंधारात शेवाळही श्वसनच करते. पहाटे उठून पाहावे. मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकत असतील तर प्रकरण त्या टप्प्यावर पोहोचले आहे असे समजावे. तुरटीही टाकू नये. तिने पाणी निवळते, पण मृदू पाण्याची आम्लता झपाट्याने वाढते.

आता शेणखत. प्रश्नात ते सहज येऊन गेले आहे, परंतु माझी नजर तेथेच अडकली. एकीकडे पाणी बदलायचे आणि दुसरीकडे त्याच पाण्यात खताची कुंडी बुडवून ठेवायची, असा हा प्रकार आहे. कुंडी बाहेर काढून तीत साधी चिकणमाती भरावी आणि वर दोन बोटे जाडीची धुतलेली खडी पसरावी, म्हणजे मासे माती उकरणार नाहीत. खाद्य दिवसातून एकदाच आणि दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. मासे मागतात म्हणून देऊ नये, ते नेहमीच मागतात.

उत्तर ३ : खारघर

वरील दोन्ही उत्तरांशी सहमत आहे. फक्त सावलीची भर घालतो. निम्म्याहून थोडा अधिक पृष्ठभाग कुमुदिनीच्या पानांनी झाकला गेला पाहिजे, आणि तो झाकेपर्यंत दुपारी हिरवी जाळी ताणावी. कडेच्या उथळ भागात कर्दळ किंवा वाळा खडीत लावल्यास त्यांची मुळे पाण्यातील नायट्रेट शोषतात. जलपर्णी मात्र आणू नये. ती काम उत्तम करते, पण उद्या नाल्यात गेली तर आवरत नाही. अतिनील दिव्याने हिरवे पाणी आठवड्या-दोन आठवड्यांत निवळते हे मी अनुभवले आहे. पण मेलेले शेवाळ फिल्टरमधून वेळच्या वेळी काढले नाही तर त्याचेच खत होते, आणि दिवा वर्षभरानंतर पेटत असला तरी निकामी होत जातो. आधी खत थांबवावे, दिव्याचा खर्च नंतर पाहता येईल.

प्रश्नकर्ता : सात आठवड्यांनंतर

सर्वांचे आभार. मोरचूद आणले नाही. शेणखताची कुंडी त्याच दिवशी काढली आणि खाद्य एकदाच केले. पहिले तीन आठवडे काहीच फरक पडला नाही आणि तळे उपसण्याचा मोह घरातील सर्वांनाच झाला. मी दोरीला पांढरी वाटी बांधून दर रविवारी पाण्यात सोडत होतो : सुरुवातीला ती पाच इंचांवर दिसेनाशी होई, पाचव्या आठवड्यात चौदा इंचांपर्यंत दिसू लागली आणि काल तळाला टेकली तरी तिच्या काठाची निळी रेघ दिसत होती. थंडी पडल्याचाही यात वाटा असेल. नऊही मासे सुखरूप आहेत. आता मात्र दगडांवर केसांसारखे लांब शेवाळ वाढू लागले आहे.

उत्तर १ : नेरूळ

पाणी निवळल्यावर ऊन तळापर्यंत पोहोचते, म्हणून ते येते. खरखरीत काठी घालून फिरवावी, ते शेवया गुंडाळाव्यात तसे गुंडाळून येते. दगडांवरचा पातळ हिरवा थर तसाच राहू द्यावा. मासे तो खातात.