मंडळाच्या शेडमधला सोलर दिवा पुन्हा गेला, शनिवारच्या आत हवा
(नावांऐवजी ज्याचं त्याचं मंडळातलं काम लिहिलंय; कोठी म्हणजे सामान सांभाळणारे काका.)

सजावट
मंडळी, शनिवारी आकाशकंदिलांची खोकी आणि रांगोळीचं सामान काढायचंय. इथे इंग्लंडमध्ये हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे गेल्यापासून साडेचारलाच अंधारायला लागतं. परवा शेडमधला दिवा दोन मिनिटं लागला, मग इन्व्हर्टर (बॅटरीच्या १२ व्होल्टची घरगुती वीज करणारा डबा) कुईं कुईं करायला लागला आणि सगळं बंद. मीटर लावला तर बॅटरी ११.२ व्होल्ट दाखवते. मोठं सोलर पॅनल मागवायचं की मोठी बॅटरी? आज ठरलं तर वेळेत येईल.

कोठी
दोन्ही नको. आधी इन्व्हर्टर काढा. गणपतीनंतर भिंतीवर बटण बसवलं ते इन्व्हर्टरच्या पुढे बसलंय, म्हणजे त्याने फक्त बल्ब विझतो आणि इन्व्हर्टर जागाच राहतो. तसला छोटा इन्व्हर्टर नुसता बसून ०.४ अँपिअर खातो. २४ तासांचे झाले साडेनऊ अँपिअर-तास, आणि आपली बॅटरी आहे ७ अँपिअर-तासांची. कोजागरीच्या चटया ठेवल्या त्या रात्रीपासून तो चालूच असणार. शिवाय तो थेट बॅटरीवर जोडलाय, त्यामुळे कंट्रोलर (पॅनल, बॅटरी आणि दिवे यांच्या मधला, चार्जिंग सांभाळणारा डबा) त्याला तोडू शकत नाही. लेड बॅटरी भरलेली असताना १२.७ दाखवते, अर्धी असताना १२.२ च्या आसपास. ११.२ वर आठवडाभर पडून राहिली असेल तर आतल्या प्लेटांवर सल्फेट धरलेलं आहे. चार्ज करून बघा, पण फार आशा ठेवू नका.

ढोल-ताशा
बटण मी बसवलं, अंधारात चाचपडायला लागू नये म्हणून. बटणाचा काय दोष? २० वॅटचं पॅनल आहे, रोज भरायला हवी ना बॅटरी. नाहीतर घरातून एक्स्टेन्शन ओढा, विषय संपला.

वहिनी (शेड आमच्या परसात आहे)
एक्स्टेन्शन खिडकीतून कायमची नको. रीळ न उलगडता वापरली की तापते, आणि सांधा ओल्या गवतावर पडलेला असतो. कायमची वीज हवी तर आर्मर्ड (पोलादी कवचाची) केबल पुरून, मेन बोर्डापासून वेगळं सर्किट घेऊन करायची. इंग्लंडमध्ये नवं सर्किट बिल्डिंग कंट्रोलला (बांधकाम तपासणाऱ्या कार्यालयाला) कळवावं लागतं, किंवा तशी नोंदणी असलेल्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावं लागतं. एका दिव्यासाठी एवढं आम्ही करणार नाही.

कोठी
पॅनलबद्दल. २० वॅट हे जूनच्या दुपारचं बोलणं झालं. डिसेंबरात लंडनच्या अक्षांशावर भर दुपारी सूर्य १५ अंशांवर असतो. दोन मीटर उंच कुंपणाची सावली तेव्हा साडेसात मीटर लांब पडते, आणि आपलं पॅनल लेलँडीच्या (दाट, सदाहरित झाडांच्या) कुंपणापासून पाचच मीटरवर, खाली सपाट निजवलेलं. पॅनलमधले सेल एकामागून एक जोडलेले असतात, एका कोपऱ्यावर सावली किंवा ओलं पान बसलं तरी सगळ्या पॅनलचा करंट घसरतो. मोकळ्या जागी नीट तिरकं लावलं तर डिसेंबरात दिवसाला १२ ते १५ वॅट-तास मिळतील. त्यातले तीन कंट्रोलर स्वतःच खातो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? म्हणून हिशोब डिसेंबरचा धरायचा: रोजचे दहा वॅट-तास. पाच वॅटचे दोन दिवे, तासभर. आपण आठवड्यातून एकदा जातो, तेवढ्याला हे पुरून उरतं.

पॅनल दक्षिणेकडच्या भिंतीवर, कुंपणाच्या सावलीतून सुटेल तितकं उंच, जवळजवळ ७० अंश उभं लावा. उभ्या पॅनलवर पानं टिकत नाहीत.

सचिव
नवी बॅटरी घ्यायचीच तर लिथियमच घेऊ ना? हलकी असते.

कोठी
शेडमध्ये पहाटे शून्याखाली जातं. तशा थंड बॅटरीला सकाळच्या उन्हात चार्ज मिळाला की आत लिथियमचा धातू साचतो आणि सेलचं कायमचं नुकसान होतं. वापरायला थंडी चालते, भरायला नाही. कमी तापमानाला चार्जिंग तोडणारी घेणार असाल तर ठीक, नाहीतर साधी १२ व्होल्ट, ७ची सीलबंद लेड. ती मात्र रिकामी ठेवायची नाही, रिकामी गोठते.

सजावट
पण शनिवारचं काय? काका, पॅनल हलवेपर्यंत दिवाळी होऊन जाईल.

ढोल-ताशा
माझ्या ड्रिलची १८ व्होल्ट, २ अँपिअर-तासांची बॅटरी आहे, ३६ वॅट-तास. तिच्यावर बसणारा दहा वॅटचा दिवा आणतो. तीन तास सहज जातो, घरी चार्ज करायचा. खरं सांगायचं तर हिवाळाभर एवढंच पुरे, पॅनल लागतं कशाला?

कोठी
शनिवारी नक्की आणा. पण दर वेळी तुमची वाट बघायला नको म्हणून तार मी बसवतो. कंट्रोलरला आधी बॅटरी, मग पॅनल, मग दिवे. काढताना उलट. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरावर पाच अँपिअरचा फ्यूज. तार दीड स्क्वेअर मिलिमीटरची. दिवे कॅरव्हॅनसाठी मिळतात ते, १० ते ३० व्होल्टवर चालणारे. साध्या १२ व्होल्टच्या पट्ट्या चार्जिंगच्या १४.४ व्होल्टला तापून लवकर मरतात. कंट्रोलरचा कट-ऑफ (बॅटरी किती व्होल्टवर आली की तो दिवे तोडतो) बहुतेक ११ च्या आसपास लावून येतो, तो ११.८ करणार. बॅटरी फळीवर, उघड्या हवेत. ढोलांच्या पानांखाली (पडद्यांखाली) कुणीही ढकलायची नाही.

वहिनी
आतल्या फळ्यांना पांढरा रंग द्या, मी डबा देते. काळपट लाकूड अर्धा उजेड गिळतं.

ढोल-ताशा
बटण माझंच राहू द्या, दाराजवळ.

कोठी
राहील. आता ते १२ व्होल्टच्या प्लसच्या तारेत येईल, कंट्रोलर आणि दिव्यांच्या मध्ये. गुरुवारी संध्याकाळी सहाला किल्ली घेऊन येतो. फ्यूज होल्डर कुणाकडे आहे?